प्रतिपिंडे सापडली, म्हणजे रोग झाला काय?

‘रक्तात प्रतिपिंडे आढळली’ हे तपासणीच्या अहवालातील वाक्य वाचून पुष्कळ माणसे घाबरतात. विद्यार्थी मित्रांनो, या वाक्याचा नेमका अर्थ काय, ते पाहू.

गळ्यात श्वासनळीच्या पुढे फुलपाखराच्या आकाराची अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथी असते. 1912 साली हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने सुजलेल्या अवटूच्या चार रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती. ती कशामुळे, याचा धागा 1956 साली हाती लागला. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तरसाचा मानवी अवटूच्या अर्काशी संयोग घडवला, तेव्हा साका तयार झाला. जंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे बनवते. येथे ती स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध बनली होती!

हाशिमोटो रोगाच्या 10 पैकी सुमारे 9 रुग्णांत अवटूविरोधी प्रतिपिंडे आढळतात. मग ती आढळली की रोग आहेच, असे म्हणावे काय? आमच्या मते, नाही. धूर दिसला की अग्नी असणारच, हे अनुमान येथे चालत नाही. ज्यांच्या अवटूचे काम सुरळीत चालले आहे, अशा कित्येकांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे असतात. इंग्लंडमधील व्हिकम येथील रहिवाशांची 20 वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाले. केवळ प्रतिपिंडे असलेल्या 100 स्त्रियांमागे दर वर्षी सुमारे 2 जणींची अवटू मंदावली. टीएसएच हे संप्रेरकही वाढलेले असेल, तर हे प्रमाण सुमारे 4 होते.

टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून येते. अवटू कमी पडू लागली की तिला कामाला लावण्यासाठी ते वाढते. म्हणजे ग्रंथीचे काम कसे चालले आहे, हे टीएसएच सांगते. बिघाडाचे कारण काय आणि पुढे काय संभवते, याचा अंदाज प्रतिपिंडांवरून येतो. अवटू मंदावलेल्या रुग्णाच्या औषधाची मात्रा मुख्यतः टीएसएच पाहून ठरते. त्यासाठी प्रतिपिंडे पुन्हा पुन्हा मोजण्याचे कारण नाही.

प्रत्येक चाचणी हे एका प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न समजून न घेता उत्तराला घाबरणे अशास्त्रीय, आणि प्रश्नच नसताना चाचण्या करीत सुटणेही तितकेच अशास्त्रीय. शिक्षकांनी वर्गात कोणताही प्रयोग करण्यापूर्वी ‘यातून आपल्याला काय कळणार आहे?’ एवढे विचारण्याची सवय लावली, तर उद्या अहवाल हाती आल्यावर हीच मुले डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारतील.