ऑनलाइन महाविद्यालयातील खरी परीक्षा कोणती?

बेलव्ह्यू आणि परिसरात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले आता महाविद्यालयात जाऊ लागली आहेत. 'जाऊ लागली आहेत' हे म्हणणेही पुरते खरे नाही, कारण त्यांतील कितीतरी मुले घरातल्याच टेबलाशी बसून महाविद्यालयीन अभ्यासक्रम पुरे करतात. वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये 'रनिंग स्टार्ट' योजना आणली. तिच्यामुळे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना शिकवणीशुल्क न भरता सामुदायिक महाविद्यालयाचे विषय घेता येतात आणि ते श्रेयांक दोन्हीकडे धरले जातात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या बेलव्ह्यू कॉलेजसारख्या संस्थांमध्ये सोळा-सतरा वर्षांची मुले नोकरी करणाऱ्या प्रौढांच्या बरोबरीने शिकतात, आणि त्यातला बराच भाग ऑनलाइन असतो.

अशा वेळी घरोघरी एक संवाद ऐकू येतो. मुलगी सांगते, "आई, या विषयाला परीक्षा नाही, प्रकल्प आहे." आईवडिलांच्या कपाळावर आठी उमटते. परीक्षा नाही, तर गुण कसले? आपण नागपूर, औरंगाबाद, मुंबई येथील विद्यापीठांतून तीन तासांच्या प्रश्नपत्रिका सोडवून वर आलेली माणसे. परीक्षा म्हणजे बंद दालन, पर्यवेक्षक आणि घड्याळ, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. या समीकरणाचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते. तथापि तो फेरविचार आपल्या समाजाने आपल्या अनुभवाच्या आधारे करावा, कोणी शिक्षणतज्ज्ञ सांगतो म्हणून नव्हे.

बंद दालन घरी आणता येत नाही, म्हणून ते यंत्राने उभे करण्याचे प्रयत्न झाले. २०२० च्या महामारीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर ऑनलाइन उरकल्या. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर आणि खोलीवर संगणकाच्या कॅमेऱ्याने पाळत ठेवण्याची पद्धत फोफावली. ओहायोतील एका विद्यार्थ्याने परीक्षेपूर्वी खोली कॅमेऱ्यातून दाखविण्याच्या सक्तीला आव्हान दिले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील संघराज्य न्यायालयाने ती झडती घटनाबाह्य ठरविली. त्याआधी २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही. ही तपासणी परीक्षेच्या कॅमेऱ्याची नव्हती हे खरे. परंतु चेहरा पाहून निर्णय देणाऱ्या यंत्रावर आपल्या लेकींनी किती विसंबावे, याचा अंदाज येण्यास ती पुरेशी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले आणि घरी लिहिलेल्या निबंधावरचाही शिक्षकांचा विश्वास डळमळला. मग यंत्राने लिहिलेले ओळखणारी यंत्रे निघाली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्रलिखित ठरविले. साधे शब्द आणि सरळ वाक्यरचना हाच त्यांचा गुन्हा ठरला. लग्नानंतर भारतातून येऊन येथे पुन्हा शिकू लागलेल्या आपल्या भगिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

या पार्श्वभूमीवर, ज्याला इंग्रजीत 'ऑथेंटिक असेसमेंट' म्हणतात आणि आम्ही येथे 'वास्तवाधिष्ठित मूल्यमापन' म्हणू, त्या पद्धतीचा विचार करावा लागतो. ग्रँट विगिन्स या शिक्षणतज्ज्ञाने १९८९ मध्ये ही कल्पना ठामपणे मांडली. त्या विषयातील जाणकार प्रत्यक्ष जीवनात जे काम करतो, तसेच काम विद्यार्थ्याला द्यावे आणि त्यावरून त्याची पारख करावी, हे तिचे सार होय. संख्याशास्त्र शिकणाऱ्याने सूत्रे पाठ म्हणून दाखविण्याऐवजी आपल्या बसथांब्यावर महिनाभर गाड्या किती उशिरा येतात याची नोंद करावी आणि निष्कर्ष बससेवेच्या अधिकाऱ्याला पटेल अशा भाषेत लिहावा. हिशेबशास्त्राच्या विद्यार्थिनीने एखाद्या मंडळाच्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचा जमाखर्च तपासून अहवाल द्यावा. (आपल्या मंडळांच्या खजिनदारांना ही सूचना कितपत रुचेल, हा प्रश्न निराळा!) अशा कामात नक्कल अशक्य असते असे नाही. प्रकल्पही यंत्राकडून लिहून घेता येतो. परंतु कच्चा खर्डा, त्यावरील शिक्षकाचे शेरे, सुधारलेला खर्डा आणि अखेरीस दहा मिनिटांची प्रश्नोत्तरे, एवढे टप्पे ठेवले तर जे स्वतः केले नाही ते पेलणे कठीण जाते.

ही रीत आपल्याला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, तो जाणकारांच्या बैठकीपुढे स्वतःचा सिद्धांत मांडून. पुढच्याच वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये १९२२ साली सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. बाबासाहेबांनी तो सुधारून पुन्हा दिला, आणि १९२३ मध्ये तो स्वीकृतही झाला व ग्रंथरूपाने छापलाही गेला. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देताना तोच अभ्यास त्यांच्या कामी आला. फेरलेखन म्हणजे नामुष्की नव्हे, हे आपल्या मुलांना सांगण्यास याहून चांगला दाखला कोणता?

येथवर वाचून काही ज्येष्ठ वाचकांच्या मनात एक शंका उठली असेल. ती आमच्याही मनात आहे, आणि ती हलकी नाही. बंद दालनातील लेखी परीक्षेने आपल्या पिढीला एक संरक्षण दिले होते. उत्तरपत्रिकेवर नाव नसे, आसनक्रमांक असे. तपासणाऱ्याला आडनाव दिसत नसे, वस्ती कळत नसे. लेखी परीक्षेत साठ-सत्तर गुण घेणारा आपला विद्यार्थी तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत का घसरत असे, हे कोणाला सांगावयास नको. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिस्थितीची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांतील भेदभावाची तक्रार केल्याचे त्यात नमूद आहे. वास्तवाधिष्ठित मूल्यमापनात तर नाव, चेहरा, आवाज, घरची भाषा, सारेच उघडे पडते. आपल्या परिसराविषयी प्रकल्प लिहा म्हटले की विद्यार्थी स्वतःची ओळखही लिहून बसतो.

अमेरिकेत हे होणार नाही, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सरोवरापलीकडच्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावास कायद्याने बंदी घातली. देशात तसे करणारे ते पहिले शहर. प्रश्नच नसता तर कायदा कशाला झाला असता? आणि तो कायदा सिएटलच्या हद्दीपुरता आहे, बेलव्ह्यूच्या नव्हे. शिवाय येथे जातीखेरीज वर्ण आणि उच्चार यांचेही पूर्वग्रह आहेतच.

तरीही आसनक्रमांकाच्या आडोशासाठी पाळतीचा कॅमेरा पत्करावा, असे आम्हांस वाटत नाही. त्या कॅमेऱ्याने आडोसा राहतच नाही. चेहरा तर तो आधी पाहतो. मात्र खऱ्या कामाला लेखी मोजपट्टी हवी, आणि ती काम सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती हवी. येथे तिला 'रुब्रिक' म्हणतात: कोणत्या बाबीला किती गुण, उत्तम कशास म्हणावे, अपुरे कशास, याचा तक्ता. तो असला म्हणजे "मला तुझे काम तितकेसे भावले नाही" एवढ्यावर गुण कापता येत नाहीत; कोणत्या रकान्यात काय उणे पडले हे दाखवावे लागते. लेखी भाग नाव झाकून तपासण्याची सोयही आजच्या संगणकप्रणालींत असते. येथील बहुतेक मुलांच्या परिचयाच्या 'कॅनव्हास'मध्ये ती आहे. शिक्षकाने ती चालू करावी लागते, एवढेच.

शिक्षकांचीही बाजू आहे. अर्धवेळ नेमणुकीवर दोन-तीन महाविद्यालयांत शिकविणाऱ्या प्राध्यापकाला शंभर प्रकल्पांचे खर्डे दोनदा वाचणे कसे परवडावे? बहुपर्यायी प्रश्न यंत्र तपासते, म्हणूनच ते टिकून आहेत. आणि दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गटप्रकल्प जाच वाटतो, कारण गटातील इतरांच्या सवडीने त्याला चालावे लागते. गट वाटण्यापूर्वीच त्याने शिक्षकांना आपल्या कामाच्या वेळा कळवाव्यात, आणि गटात प्रत्येकाचे गुण कसे वेगळे काढणार हे विचारून घ्यावे.

येथील सत्र जेमतेम अकरा आठवड्यांचे. पहिल्या आठवड्यातच पालकांनी मुलांसोबत बसून अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक वाचावे. गुणांचा तक्ता दिला आहे काय? खर्डा सुधारून पुन्हा देता येतो काय? तोंडी भागाचे ध्वनिमुद्रण होते काय? लेखन यंत्राचे असल्याचा संशय आल्यास विद्यार्थ्याचे म्हणणे कोण ऐकणार? उत्तर सापडले नाही तर शिक्षकांना पत्र लिहून विचारावे, आणि ते पत्र मुलाने स्वतः लिहावे. खर्डे तारखांसह जपून ठेवावेत. गुणांबद्दल दाद मागण्याची वेळ आली तर तेच कामी येतात.