राजीनामा लिहून देऊ नका!

गावचा सालकरी गडीसुद्धा भर पावसात एका शब्दाने हाकलता येत नाही. हाकलला, तर चार माणसे धन्याला जाब विचारतात. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून बिरवाडीकडील कारखान्यांत जाऊन रसायनांच्या वाफेत आठ-दहा वर्षे झिजलेल्या माणसास फाटकावर पहारेकरी सांगतो, "उद्यापासून येऊ नको," तेव्हा जाब विचारणारा कोणी नसतो. गरज सरो, वैद्य मरो, हाच ज्यांचा वेद, त्यांच्याकडून न्यायाची अपेक्षा कोणी करावी?

एवढ्यावर हे थांबत नाही. कचेरीत बोलावून एक कागद पुढे सरकवितात व म्हणतात, "सही कर, म्हणजे हिशेब मिळेल." तो कागद राजीनाम्याचा असतो. बंधूंनो, सारे कपट याच कागदात आहे! मालकाने काढले तर ती छाटणी, आणि छाटणीस भरपाई द्यावी लागते. तुम्ही राजीनामा दिला की मालक भरपाईतून मोकळा. तुमच्याच हाताने तुमचा गळा कापून घेण्याची ही युक्ती आहे.

आम्ही शाळेत मुलांस हिशेब शिकवितो. आज तो बापांपुढे मांडतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीच्या अटी होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी मुख्य अटी त्याच राहिल्या. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगारास महिन्याची लेखी नोटीस द्यावी, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा. शिवाय दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा. १२ महिन्यांत २४० दिवस काम भरले, तर वर्ष सलग धरतात. पाच वर्षे झालेल्यास ग्रॅच्युइटी वेगळी.

समजा, पगार १५,६०० रुपये व नोकरी ८ वर्षे. नोटिशीचे १५,६००, भरपाई वर्षाला ७,८०० प्रमाणे ६२,४००, ग्रॅच्युइटी २६ दिवसांचा महिना धरून वर्षाला ९,००० प्रमाणे ७२,०००. एकूण दीड लाख रुपये! राजीनाम्यावर सही केली की यांतले नोटिशीचे व भरपाईचे मिळून ७८,००० गेले. एका सहीची ही किंमत. केलेल्या कामाचा बाकी पगार तर दोन कामाच्या दिवसांत व ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळाली पाहिजे.

कोणी म्हणेल, धंद्यास मंदी आली, मालक कोठून देणार? कायदा छाटणीस मज्जाव करीत नाही. काढायचे तर हिशेब करून काढ, एवढेच सांगतो. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यास छाटणीआधी सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा ३०० वर नेली आहे. मालकाची एवढी सोय झाल्यावर उरलेला हिशेबही बुडवावा काय? ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटू पाहणाऱ्यांनीही ऐकावे: ठेकेदाराने पगार बुडविला, तर तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे.

हे हक्क आभाळातून पडले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभारली, हजारो सह्या गोळा केल्या, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही, आणि कोकणातील घरोघर त्याची झळ पोचली. एकेकटा पडलेला कामगार कसा चिरडला जातो, हे आपल्या तालुक्यांस वेगळे सांगावयास नको.

तेव्हा नेमणुकीचा कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कार्ड घरात जपून ठेवा. घरच्या बायांनाही ते कोठे आहेत हे ठाऊक असू द्या. न वाचता सही नको, कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नको. "मी काम सोडले नाही, मला काढले आहे," असे मालकास स्पीड पोस्टाने कळवा, पोच जपा, आणि वेळ न दवडता कामगार आयुक्तांच्या कचेरीत अर्ज द्या. चौघांना काढले असेल तर चौघांनी मिळून जा.

शेताच्या बांधासाठी आपण तीन पिढ्या कोर्टकचेऱ्या करतो. मग आठ वर्षांच्या घामाचा हिशेब एका सहीत का सोडावा?