जुन्या बाइकची बॅटरी वारंवार उतरतेय? नवी घेण्याआधी हे वाचा

आमच्या मामांची येझदी दोन वर्षांत तीन बॅटऱ्या खाऊन बसली. दर वेळी गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळायचं : ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ सोयाबीनच्या हंगामात एका संध्याकाळी मंगरुळपीर-शेलूबाजार रस्त्यावर हेडलाइट मंद होत गेला आणि गाडी बंद पडली. मागून ट्रॅक्टर-ट्रॉली येत होती. मामा थोडक्यात वाचले.

बिघाड कुठे निघाला? बॅटरीतून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेवर गंज होता. पॉलिश पेपरने टोक घासलं आणि गाडी चार्ज होऊ लागली.

माझं मत स्पष्ट आहे : चूक एकट्या मेकॅनिकची नाही. आपण पार्टचे पैसे देतो, बिघाड शोधण्यात गेलेल्या तासाचे देत नाही. मग तोही शोधत बसत नाही, पार्ट बदलून मोकळा होतो.

चार्जिंग नेमकं कसं होतं?

इंजिन फिरलं की डायनॅमो किंवा अल्टरनेटर वीज तयार करतो. अल्टरनेटरची वीज एसी असते, रेक्टिफायर तिची डीसी करतो. व्होल्टेज आवरायचं काम रेग्युलेटरचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘कटआउट’चं. यातला एक दुवा तुटला तरी शिक्षा बॅटरीलाच होते. येझदी, बुलेट यांसारख्या अनेक जुन्या गाड्यांत ठिणगीसुद्धा बॅटरीवरच अवलंबून असते. म्हणून बॅटरी उतरली की दिव्यापाठोपाठ इंजिनही थांबतं.

काय तपासाल?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१. गाडी बंद असताना : काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर साधारण १२.६ आणि ६ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण ६.३ दिसायला हवं.

२. गाडी सुरू करून रेस द्या : १२ व्होल्टच्या गाडीत आकडा १३.५ ते १४.५ पर्यंत, तर ६ व्होल्टच्या गाडीत सातच्या आसपास जायला हवा. हळू इंजिनवर जुना डायनॅमो चार्जच करत नाही, त्यामुळे रेस दिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

३. आकडा वाढलाच नाही तर : आधी फ्यूज आणि टर्मिनल पाहा. मग बॅटरीचं बॉडीकडे जाणारं टर्मिनल आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर लावून रेस द्या. पाव व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे. तेही ठीक असेल, तर डायनॅमोचे कार्बन किंवा अल्टरनेटरची कॉइल तपासून घ्या.

४. आकडा फार वाढला तर : १२ व्होल्टच्या गाडीत १५ च्या वर म्हणजे कटआउट बिघडला. बॅटरीचं पाणी उकळतं, बल्ब उडतात.

एक खबरदारी : ‘चार्जिंग बघू’ म्हणून चालू गाडीची बॅटरी काढू नका. कटआउट आणि बल्ब जळू शकतात.

वाशिममध्ये जास्त जपा

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बॅटरीतलं पाणी झपाट्याने आटतं. अशा वेळी बोअरचं पाणी नव्हे, डिस्टिल्ड वॉटरच घाला. पावसाळ्यात जोडण्या गंजतात. जुन्या जावा-येझदीचा डायनॅमो जेमतेम ४५ वॉटचा असतो. त्यावर ५५ वॉटचा जादा हॅलोजन लावला, तर नवी बॅटरीही टिकणार नाही.

कायद्याने ‘व्हिंटेज’ म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशी नोंदणी घेतलेली गाडी रोज चालवता येत नाही. म्हैसूरचा जुना जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणजे तिथली शेवटची गाडीही आता तिशीच्या घरात आहे. पण मामांसारख्यांसाठी ती शोभेची वस्तू नाही, शेतात जाण्याचं साधन आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. आपली रात्रीची वाट गावरस्त्यानेच, तिथे खांबावर दिवा असेलच असं नाही. मागचा लाल दिवा हाच जिवाचा आधार.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये सांगा : ‘दादा, आधी मीटर लावा. तपासणीचे पैसे वेगळे घ्या.’ बॅटरीच्या किमतीपुढे ते किरकोळच असतील.