उन्हाळ्याची वाइन आणि एकच गिऱ्हाईक



एप्रिलमध्ये बैठकीसाठी नाशिकला गेलो होतो. रात्री यजमान बागायतदाराने थंडगार पांढरी वाइन पुढे ठेवली. नाव शेनिन ब्लाँ. हलकी, आंबटसर, फळाच्या वासाची. परभणीच्या मे महिन्याला हीच शोभेल, असे वाटून गेले.

हा वाण मूळचा फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातला. दक्षिण आफ्रिकेत उदंड पिकतो. उष्ण हवेत द्राक्षाचा आंबटपणा लवकर उतरतो, याचा टिकतो. म्हणून तो नाशिकला रुळला. बाटली परदेशी वाइनपेक्षा बरीच स्वस्त पडते. ज्वारीच्या पट्टीशी ताडून पाहिली तर मात्र स्वस्त म्हणायला जीभ धजत नाही.

वाइन म्हणजे दारू नव्हे, असे मी म्हणणार नाही. तीत साधारण १२ टक्के अल्कोहोल असते. गावातले दुकान बंद पाडणाऱ्या मायबहिणींशी माझा वाद नाही. माझा सवाल भावाचा आहे.

परत आल्यावर सेलूकडच्या एका तरुणाने विचारले, "भाऊ, दोन एकर लावू का?" मी म्हणालो, "आधी करार दाखव."

थॉमसन द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा येतो. नाहीतर बेदाणा होतो. शेनिनचा मणी लहान आणि बियांचा. खायला कुणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. कारखानदाराने पाठ फिरवली की माल वेलीवरच कुजणार. एकच गिऱ्हाईक म्हणजे काय, हे १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीत आपल्या बापांनी भोगले आहे.

सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला. विरोध झाला, हरकती मागवल्या गेल्या, निर्णय कागदावरच राहिला. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले. पण दुकाने दुप्पट झाली तरी द्राक्षाचा भाव कारखानदारच ठरवणार असेल, तर बागायतदाराच्या पदरात काय?

आपली मागणी सरळ आहे. शेतकऱ्यांच्या गटाला स्वतःची वाइन करून विकण्याचा परवाना सोपा आणि स्वस्त करा. गिऱ्हाईक आम्ही शोधू.

तोवर चव जरूर घ्या. पण लेखी भाव हातात आल्याशिवाय एकही कलम लावू नका.