माया आणि हिशेब

मार्च महिन्यातला तिसरा मंगळवार जगभर समाजकार्य दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे हे दिवस परीक्षांच्या धामधुमीचे. नांदेड-लातूरच्या समाजकार्य महाविद्यालयांतली मुले-मुली क्षेत्रकार्याचे अहवाल पुरे करण्यात गुंतलेली असतात. उमरीसारख्या तालुक्याच्या गावी, बारावीचे पेपर उरकत आलेल्या घरांत, ‘आता पुढे काय’ ही बोलणी सुरू होतात. पोलीस भरती, नर्सिंग, फार्मसी, स्पर्धा परीक्षा अशी नावे निघतात. समाजकार्याच्या पदवीचे, बीएसडब्ल्यूचे, नाव निघालेच तर घरातले वडीलधारे विचारतात, ‘‘लोकांचे भले करायला डिग्री कशाला लागते?’’ प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जाणारी माणसे आयुष्यभर पाहिली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे कसलीच डिग्री नव्हती. त्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे, यासाठी आजचा दिवस योग्य आहे.

उत्तराची सुरुवात उमरीपासूनच करता येते. 30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीच्या बँकेवर हल्ला करून लढ्यासाठी लाखो रुपये मिळवले. रझाकारांच्या धुमाकुळाचा तो काळ. जीव हातात घेऊन मिळवलेल्या त्या पैशाचा हिशेब लढ्याच्या धुरिणांनी ठेवला आणि पुढे तो दिलाही. या भागातली जुनी माणसे उमरीचा प्रसंग सांगताना धाडसाइतकाच त्या हिशेबाचा अभिमान बाळगतात. लोकांच्या नावाने जे हाती घेतले त्याचा जाब लोकांना द्यावा लागतो, ही जाणीव त्या अभिमानाच्या मुळाशी आहे. सेवेच्या ओढीला ही जाणीव येऊन मिळते तेव्हा समाजकार्याचा व्यवसाय उभा राहतो. इथे हिशेब पैशापुरता नसतो. दिलेल्या शब्दाचा, घेतलेल्या निर्णयाचा आणि ज्याच्या घरात पाऊल टाकले त्याच्या अब्रूचाही हिशेब द्यावा लागतो.

त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. स्वामीजींचा सत्याग्रह आणि तुरुंगवास इथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. त्याआधीचा अध्याय फारसा कुणी सांगत नाही. संन्यास घेण्यापूर्वी, व्यंकटेश खेडगीकर असताना, त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते. तिथून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि मराठवाड्याचे झाले. या जोशींनीच 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे लीगने चालवली. ती चालवताना उत्साही स्वयंसेवकालाही शिकवावे लागते, हे ध्यानात आले आणि 1920 च्या सुमारास लीगने त्यांच्यासाठी काही आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू केले. भारतातल्या समाजकार्य शिक्षणाचा इतिहास या छोट्या वर्गापासून सांगितला जातो. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या नावाने आपली मुले एमएसडब्ल्यूची पदवी घेतात, त्या नावाचे नाते या व्यवसायाच्या उगमाशीही आहे.

पुढचा टप्पा मुंबईच्याच नागपाड्यातला. अमेरिकन मराठी मिशनमार्फत आलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920 च्या दशकात दाट वस्तीच्या त्या भागात नेबरहूड हाऊस उभारले. कार्यकर्त्यांनी वस्तीतच राहावे, तिथल्या माणसांकडून शिकावे, ही कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये 1884 साली आणि शिकागोतल्या जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसमध्ये 1889 साली रुजली होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पाठबळावर 1936 मध्ये नागपाड्यातच देशातले पहिले समाजकार्य विद्यालय सुरू झाले. 1944 मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. पुढे 1955 मध्ये मुंबईत निर्मला निकेतनचे महाविद्यालय आले, 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली आणि मग हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले.

पण विद्यार्थ्यांना एवढीच वंशावळ शिकवली तर ती अपुरी ठरेल. परदेशातून आलेल्या शास्त्राने माणसाचे ऐकून कसे घ्यावे, नोंद कशी ठेवावी, पाठपुरावा कसा करावा हे शिकवले. माणूस या स्थितीत का ढकलला गेला, हा सवाल मात्र महाराष्ट्राच्या मातीतल्या माणसांनी आधीच विचारला होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यांनी आडरानात सापडलेल्या बाईला आसरा दिला आणि तिला तिथे लोटणाऱ्या रूढीलाही हात घातला. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1924 मध्ये स्थापना झाल्यावर पहिल्या कामांत आपल्या शेजारच्या सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, हक्क मागणाऱ्याला लागत नाही, हा धडा या मंडळींनी दिला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून 1978 मध्ये आपल्याच जिल्ह्यांत दलित वस्त्या जळाल्या. त्या गावांत क्षेत्रकार्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास माहीत नसेल, तर पाणवठ्यावर कोण कुठे उभे राहते हे त्याला दिसेल, पण त्याचा अर्थ लागणार नाही.

मराठवाड्याने या व्यवसायाची खरी परीक्षा पाहिली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी नोंदीनुसार सुमारे 8 हजार माणसे दगावली. देशभरातून मदतीचा पूर लोटला. कपडे, धान्य, औषधे इतकी आली की ठेवायला जागा पुरेना. तेव्हा दयेची वाण नव्हती. कुठल्या घरातले कोण उरले, कोणत्या पोराला कुणाच्या हाती द्यायचे, विधवेच्या नावावर घर होणार की दिराच्या, या प्रश्नांची उत्तरे ट्रकमधून येत नव्हती. त्यासाठी घरोघर बसून माहिती घ्यावी लागली. टाटा इन्स्टिट्यूटने बाधित कुटुंबांच्या पाहणीचे आणि पुढे पुनर्वसनातल्या लोकसहभागाचे काम केले. संस्थेचे तुळजापुरातले ग्रामीण केंद्र भूकंपाच्या आधीपासून या भागात होते.

पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसली आणि दोन लाखांवर घरांची दुरुस्ती-बांधणी झाली. नव्या गावांत रस्ते रुंद आणि सरळ आले, घरे मजबूत झाली. तरी कित्येक ठिकाणी जुना शेजार तुटला, गुरांना जागा उरली नाही, शेत लांब पडले. घर मोजता येते, शेजार मोजता येत नाही. म्हणून आराखडा काढण्याआधी लोकांना विचारावे लागते. जिथे तसे विचारले गेले तिथला अनुभव वेगळा आहे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने दुरुस्तीच्या गावांमध्ये गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. कालपर्यंत चावडीसमोरून पदर सावरत जाणाऱ्या बाया अनुदानाचे हप्ते, सिमेंटचे प्रमाण, भूकंपरोधक बांधकाम यांवर इंजिनिअरांशी बोलू लागल्या. त्यांच्यातून बचत गट उभे राहिले. अभ्यासक्रमात ज्याला समुदाय संघटन म्हणतात, त्याचा आपल्या दारातला सर्वांत मोठा धडा हाच आहे. लातूर-नांदेडच्या प्रत्येक समाजकार्य विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी किल्लारी परिसरातल्या एका जुन्या आणि एका नव्या गावात जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. समजा, आपल्याच भागात एका शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला आहे. मागे तिशीतली बायको, दोन लेकरे आणि सासू-सासरे. गाव धावून येते, स्वयंपाक पोचवते, तेराव्यापर्यंत सोबत करते. चौदाव्या दिवसापासून ती बाई एकटी असते. सरकारच्या 1 लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा समितीत ठरायचे असते. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची असते आणि तिथे भाऊबंद आडवे येतात. बँकेची नोटीस येते, सावकाराचा माणूस येतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, मुलीची शाळा, तिच्या लग्नाची कुजबुज, आणि रात्र रात्र न लागणारी झोप, जिच्याबद्दल ती कुणाशी बोलत नाही. शेजाऱ्याची माया इथे अपुरी पडते, कारण शेजाऱ्याला तलाठी कार्यालयाची वाट माहीत असली तरी भाऊबंदांशी वाकडे घ्यायचे नसते, आणि बाईने सांगितलेले गुपित संध्याकाळपर्यंत पारावर पोचते.

प्रशिक्षित कार्यकर्ती पहिल्या घरभेटीत फक्त ऐकते. मग कागदपत्रांची यादी करते, कायदा आणि योजना तपासते, बाईला तहसीलमध्ये स्वतः बोलायला उभे करते. निर्णय बाईचा राहील आणि तिची गोष्ट बाहेर जाणार नाही, ही दोन पथ्ये ती पाळते. मुलीचे लग्न अठरा वर्षांआधी ठरू लागले तर बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी गावपातळीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) आहे, हे तिला ठाऊक असते. बाईच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार घोळतो आहे, हे तिला बोलण्याच्या ढंगातून ओळखता येते आणि मग ती वेळ न घालवता डॉक्टरांपर्यंत पोचते. सहा महिन्यांनी ती पुन्हा येते आणि काय झाले, काय राहिले ते लिहून ठेवते. डिग्री लागते ती या कामासाठी.

हे कौशल्य कायद्यानेही मान्य केले आहे. 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद 1948 च्या कारखाने कायद्यात होती. बाल न्याय कायद्याने न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याच्या शेजारी दोन समाजकार्यकर्ते बसवले, त्यांत एक स्त्री असावीच लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याला स्थान आहे. मुंबई पोलिसांकडे 1984 मध्ये सुरू झालेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आणि संकटातल्या मुलांसाठी 1996 मध्ये सुरू झालेला 1098 हा फोन क्रमांक, दोन्ही टाटा इन्स्टिट्यूटच्या पुढाकारातून आले. पुढे विशेष कक्ष राज्यभर गेले आणि 1098 देशभर.

तरीही या व्यवसायाला अजून त्याचा मान मिळालेला नाही, आणि तो दोष विद्यार्थ्यांचा नाही. वकील किंवा परिचारिकांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद समाजकार्याला देशात नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याने रुग्णालयांतल्या आणि मनोविकार क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांपुरती वाट उघडली आहे. समुपदेशकांची पदे बहुतेक कंत्राटी आणि तुटपुंज्या मानधनाची. दुसऱ्याच्या घरातले संकट सावरणाऱ्याला स्वतःच्या पुढच्या महिन्याची खात्री नसते, हा अन्याय आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात किमान एक समाजकार्यकर्ता कायम पदावर असावा, आत्महत्याग्रस्त कुटुंबांचा वर्षभर पाठपुरावा त्याच्याकडे सोपवावा आणि क्षेत्रकार्याला जाणाऱ्या मुलांना प्रवासखर्च मिळावा, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. महाविद्यालयांनीही क्षेत्रकार्य हजेरीपुरते उरू देऊ नये. सह्यांनी भरलेला अहवाल आणि रिकामी घरभेट ही या व्यवसायाशी केलेली प्रतारणा आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याजवळ जे आहे ते मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला सहज मिळत नाही. देगलूर-धर्माबादकडची तेलुगूमिश्रित बोली तुमच्या कानावर आहे. तांड्यावरची गोरमाटी तुमच्यातले कित्येक घरी बोलतात. किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांतून तुमचे वर्गमित्र येतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेल्या कुटुंबांची बंद घरे तुम्ही पाहिली आहेत आणि त्यांतली पोरे वर्गातून कशी गळतात हेही. ही ओळख हेच तुमचे भांडवल. त्याला अभ्यासाची शिस्त जोडा, कायदा वाचा, नोंदी ठेवा, आणि ज्याच्यासाठी काम करता त्याला तुम्हाला जाब विचारता येईल असे वागा. या मातीत माया भरपूर आहे. तिचा हिशेब चोख ठेवणारी माणसे मराठवाड्याला हवी आहेत, आणि ती इथल्याच मुला-मुलींतून घडली पाहिजेत.