‘मे’, ‘शॅल’ आणि आमचे ‘शकणे’

व्याकरण हा शाळकरी पोरांचा विषय आहे, असे म्हणून हा लेख बाजूस सारण्यापूर्वी वाचकांनी एक प्रसंग आठवावा. १९६३ साली राजभाषा विधेयक संसदेपुढे आले. १९६५ नंतरही हिंदीच्या जोडीस इंग्रजीचा वापर चालू राहण्याची तरतूद त्यात होती. पण ती ‘मे’ या क्रियापदाने केलेली होती. द्रविड मुन्नेत्र कळघमच्या सभासदांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. ‘मे’ म्हणजे चालू राहू शकेल; मग उद्या कोणी ‘मे नॉट’ असाही अर्थ काढील, म्हणून तेथे ‘शॅल’ घाला, अशी त्यांची मागणी होती. येथे ‘मे’चा अर्थ ‘शॅल’ असाच आहे, असे पंडित नेहरूंनी सांगितले. मग ‘शॅल’च का लिहीत नाही, हा प्रतिप्रश्न अनुत्तरित राहिला. १९६४ च्या मे महिन्यात नेहरू निवर्तले. १९६५ च्या प्रारंभी मद्रास राज्य पेटले, माणसे मेली, दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे पुढे केले. ही सारी आग एका क्रियापदाने लावली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु १९६७ च्या दुरुस्तीने, हिंदी न स्वीकारलेल्या राज्याशी केंद्राने इंग्रजीतूनच पत्रव्यवहार करावा हे सांगताना ‘शॅल’ घातले, ते उगाच नव्हे. जी हमी तोंडाने देता येते ती क्रियापदाने द्यावयास काय हरकत होती?

आता आमच्या वाचकांस अधिक जवळचे उदाहरण घेऊ. सरकारी नोकरांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी राज्यघटनेच्या ३२० व्या अनुच्छेदात ‘शॅल बी कन्सल्टेड’ असे शब्द आहेत. ‘शॅल’ म्हणजे सक्ती, असे समजून उत्तर प्रदेशातील एक अधिकारी न्यायालयात गेला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ही तरतूद मार्गदर्शक आहे, अनिवार्य नव्हे; सल्ला घेतला नाही एवढ्यावरून केलेली कारवाई रद्द ठरत नाही. म्हणजे शब्दकोशात ‘शॅल’चा अर्थ पाहून जो निश्चिंत झोपतो त्याची नोकरी त्या शब्दाने वाचत नाही. त्याच घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांतही ‘शॅल’ आहे. पण ती तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, असे सदतिसावा अनुच्छेद सांगतो. शब्द एकच, बंधन मात्र ठिकाणागणिक निराळे.

असे असता आम्हांस शाळेत काय शिकविले गेले? ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे, ‘वुड’ म्हणजे ‘विल’चा भूतकाळ. आणि वर तो प्रसिद्ध नियम: प्रथमपुरुषी ‘शॅल’, द्वितीय-तृतीयपुरुषी ‘विल’, जोर द्यावयाचा असेल तर याच्या उलट. हा नियम जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात नोंदविला. फाउलर बंधूंनी १९०६ साली त्याची सविस्तर चर्चा केली, आणि जो दक्षिण इंग्लंडात जन्मला नाही त्यास तो साधणे कठीण, अशी पुस्तीही जोडली. १९२५ साली चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन अभ्यासकाने नाटकांतील संवाद तपासले, तेव्हा इंग्रज पात्रेही तो पाळीत नाहीत असे दिसून आले. ज्यांची भाषा त्यांनीच जो नियम पाळला नाही त्यासाठी आम्ही छड्या खाल्ल्या. छड्यांचे दुःख नाही. पण शिकविण्याजोगे जे होते ते राहून गेले, याचे आहे.

इंग्रजीतील ही क्रियापदे क्रियेचे वर्णन करीत नाहीत. बोलणारा व ऐकणारा यांचे नाते ती सांगतात: कोण कोणास बांधतो, कोण मोकळीक देतो, कोण नुसता तर्क करतो. ‘कुड यू पास द सॉल्ट’ यात भूतकाळ नाही, आर्जव आहे. यजमानीण ‘यू मस्ट ट्राय धिस’ म्हणते तेव्हा ती हुकूम सोडीत नाही, आग्रह करते. तेच ‘मस्ट’ वरिष्ठाच्या तोंडी आले की आज्ञा होते, आणि ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’ यात तो केवळ अंदाज. ‘यू मे गो’ यात परवानगी आहे, आणि स्वर जरा चढला तर हकालपट्टीही आहे. वरिष्ठ लिहितो, ‘आय शुड बी ग्लॅड इफ यू वुड’. कनिष्ठाने तेथे आनंदाची चौकशी करावयाची नसते, काम करावयाचे असते. ‘तुम्ही यायलाच पाहिजे असे नाही’ हे वाक्य शाळेच्या हिशेबाने ‘यू मस्ट नॉट कम’ असे उतरविणारा गृहस्थ पाहुण्यास दारातूनच परत पाठवितो. तेथे ‘नीड नॉट’ हवे. आणि आमच्या कचेऱ्यांत ‘सोमवारी सभा होईल’ यासाठी ‘वुड’ लिहिण्याची जी चाल पडली आहे तिने निश्चित सभेसही संशयित करून सोडले आहे.

यावर कोणी म्हणेल, परकी भाषा ती, चुका व्हावयाच्याच. आम्हांस ते मान्य आहे. आमचा रोष वेगळ्या गोष्टीवर आहे. इंग्रजी नीट न शिकता आम्ही तिच्या साच्याने मराठी मात्र बिघडवीत आहोत.

मराठीत सामर्थ्य सांगण्याच्या किती परी आहेत पाहा. ‘त्याला इंग्रजी बोलता येते, घसा बसल्यामुळे आज तो बोलू शकत नाही, आईची आठवण निघाली की त्याला बोलवत नाही.’ पहिले कौशल्य, दुसरी शक्यता, तिसरी मनाची अवस्था. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘कॅन’ चालते. ‘उद्या यायला नको’ यात सूट आहे, ‘उद्या येऊ नको’ यात मनाई आहे, ‘उद्या येऊ नये’ यात सल्ला आहे. ‘गेला असेल’, ‘गेला असावा’, ‘गेला असलाच पाहिजे’, अशी अनुमानाची एकेक पायरी आमच्या आज्या चुलीपाशी बसून न चुकता चढत होत्या. दामल्यांनी १९११ साली आपल्या शास्त्रीय व्याकरणात या भाषेची बारकाईने मांडणी केली. ती संपत्ती आम्ही एका ‘शकणे’ पायी उधळीत आहो.

‘आपण येथे बसू शकता.’ पाहुण्याच्या पायांत बळ आहे की नाही याची ही ग्वाही काय म्हणून? ‘बसा’, ‘बसावे’, ‘बसायला हरकत नाही’, यांतले काय कमी पडले? ‘मला वेळ सांगू शकाल का?’ ‘तुम्ही आता जाऊ शकता.’ ही वाक्ये मराठी शब्दांची आहेत, मराठी नाहीत. आणि कायद्याच्या मराठीत? ‘नो पर्सन शॅल’ याचे ‘कोणतीही व्यक्ती अमुक करणार नाही’ असे भाषांतर होते. खेड्यातला माणूस ते वाचून म्हणेल, ‘करणार नाही ना, मग बरे झाले!’ तो मनाई म्हणून नव्हे, भविष्य म्हणून ते वाचतो. ‘कोणीही करता कामा नये’ हे लिहिले असते तर पोरालाही कळले असते. गंमत अशी की, ज्यांच्या ‘शॅल’चे आम्ही हे ओझे वाहतो त्यांनीच ते उतरवावयास सुरुवात केली आहे. ऑस्ट्रेलियातील व मागाहून ब्रिटनमधील मसुदाकारांनी नव्या कायद्यांत ‘शॅल’ टाकून ‘मस्ट’ घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेतही बंधन सांगावयास ‘मस्ट’ आहे. हेतू एकच: कोणावर काय बंधन आहे ते नागरिकास स्पष्ट कळावे.

राज्यकारभारास लागणारा नेमकेपणा मराठीत नाही, असे म्हणणारे सज्जन आमच्याच मंडळांतून भेटतात. त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे: आपल्या इंग्रजी टिपणीतील ‘मे प्लीज बी अ‍ॅप्रूव्ह्‌ड’ यात मान्यता देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे, त्याची मर्जी आहे, की आपली विनवणी आहे? उत्तर न देता आपण सही करता. ‘मान्यता देता येईल’, ‘मान्यता द्यावी’, ‘मान्यता दिली पाहिजे’ या तीन मराठी वाक्यांत मात्र लिहिणाऱ्यास लपावयास जागा नाही. नेमकेपणा भाषेत कमी नाही. तो आम्हांस अडचणीचा वाटतो.

तेव्हा परप्रांती कागद रंगविणाऱ्या बांधवांस आमचे सांगणे असे: इंग्रजीत ‘मे’ किंवा ‘शॅल’ लिहिण्यापूर्वी मनाशी मराठीत विचारा, कोण बांधला गेला आणि कोण मोकळा राहिला? उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवा. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकास कोणाचे तरी निवृत्तिवेतन, कोणाची तरी बदली, कोणाची तरी जमीन अडकलेली असते. आणि सायंकाळी घरी पाहुणा आला तर त्यास ‘बसू शकता’ म्हणू नका. त्यास ‘बसा’ म्हणा.