अठरा वर्षांच्या अलीकडे

आईबाप दोघेही गेलेले, घरात धाकटी बहीण, आणि सतरा वर्षांचा मुलगा दुकानात नोकरी करून चूल पेटती ठेवतो. आमच्या शहरांतून असे संसार विरळा नाहीत. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगारविषयक कायदा चौदा वर्षांवरील मुलास धोक्याची नसलेली कामे करू देतो. राबण्यापुरता हा मुलगा मोठा आहे. परंतु खोलीचा भाडेकरार त्याच्या सहीने होत नाही. आणि वडिलांमागे बहिणीच्या वाट्याला काही आले असेल, तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे त्या मालमत्तेचा पालक होण्यासही तो अपात्र! भार सज्ञानाचा आणि अधिकार अज्ञानाचे, अशी ही स्थिती आहे.

कायद्याने हा बांध उगाच घातला, असे आम्ही म्हणत नाही. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष याने अज्ञान असताना आपली मिळकत सावकाराकडे गहाण टाकली. त्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरविला. या निर्णयाने वारसाहक्क असलेल्या मुलांस मोठे संरक्षण लाभले, यात शंका नाही. पण ज्याच्याजवळ गहाण टाकण्यासारखे काहीच नाही, केवळ दोन हात आहेत, त्याला या तटबंदीचा जाचच अधिक. शिवाय 1875 च्या कायद्याने न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलाचे अज्ञानत्व अठराऐवजी एकविसाव्या वर्षापर्यंत लांबविले होते. बहुधा पोरक्या मुलांनाच लागू पडणारा हा न्याय 1999 साली रद्द झाला. सव्वाशे वर्षे तो कोणास खुपला नाही, याचे आश्चर्य वाटते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या तटास एक दरवाजा ठेवला आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल आईबापांच्या संमतीने, निदान त्यांची हरकत नसताना, स्वखुशीने वेगळे राहत असेल, आपला आर्थिक व्यवहार स्वतः पाहत असेल आणि त्याची कमाई गुन्ह्याची नसेल, तर ते न्यायालयाकडे मुक्ततेचा अर्ज करू शकते. मुलाच्या हिताला बाधा येत नाही अशी खात्री पटल्यावर न्यायाधीश तसे जाहीर करतात. मग ते मूल करार करते, दावा लावते, औषधोपचारास स्वतः संमती देते. मतदानाचा अधिकार मात्र त्याला अठराव्या वर्षीच मिळतो. पुढे ते निष्कांचन झाल्यास मुक्ततेची घोषणा मागेही घेता येते.

ही व्यवस्था जशीच्या तशी येथे आणावी, असे आमचे मत नाही. तेथे मुक्ततेबरोबर आईबापांवरील पोषणाची जबाबदारीही संपते. आमच्याकडे ही सवलत मिळाली, तर नकोशा मुलीला घराबाहेर काढणाऱ्या बापाच्या हाती आयताच कागद पडेल. तेथे विवाहानेही अज्ञान मुक्त होतो. येथे तो मार्ग सर्वथा नको. अज्ञान विवाहित मुलीचा नैसर्गिक पालक तिचा पती, असे आमच्या 1956 च्या कायद्यात अजून लिहिलेलेच आहे. तेच आधी पुसावयास हवे. आणि कोवळ्या पोरांच्या सह्या घेऊन त्यांना वर्षभर बांधून ठेवावयास टपलेले मुकादमही आम्हांस ठाऊक आहेत.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. सोळा वर्षांवरील पोरक्या अथवा टाकलेल्या मुलास, चौकशीअंती, ठराविक कामांपुरते सज्ञान मानण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयास द्यावा: राहत्या जागेचा करार, स्वतःच्या मजुरीचा दावा, शाळा-महाविद्यालयातील प्रवेश, औषधोपचाराची संमती आणि धाकट्या भावंडांचे पालकत्व. कर्ज आणि स्थावराची विक्री यांस हात लावू नये. कोणाची पोषणाची जबाबदारी असल्यास तीही सुटू नये. अर्जाच्या खर्चाचा प्रश्न मोठा नाही, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बालकांस मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिलेलाच आहे. त्या मुलाने कोणत्या खिडकीवर जाऊन काय मागावे, एवढेच विधिमंडळाने अद्याप लिहावयाचे आहे.